पाऊल, तार आणि झडप

मोटार चालविणाऱ्याच्या पायाखाली ज्या दोन किंवा तीन पट्ट्या असतात, त्यांपैकी अगदी उजवीकडच्या पट्टीला ॲक्सिलरेटर म्हणतात. ती दाबण्याच्या क्रियेला गॅरेजमधील कारागीर 'रेस देणे' म्हणतो. पट्टी दाबली की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी वेग घेते. पाय उचलला की आवाज उतरतो आणि गाडी मंदावते. या नित्याच्या अनुभवावरून बहुतेकांची अशी समजूत झालेली असते की, ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे इंजिनाला अधिक पेट्रोल देणे. ही समजूत सर्वस्वी चुकीची नसली तरी ती अर्धीच खरी आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात चालकाच्या पावलाचा संबंध प्रथम येतो तो हवेशी. पेट्रोल त्या हवेच्या मागोमाग येते.

याचे कारण ज्वलनाच्या स्वरूपात आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जाळावयाचे तर सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वजनाने अतिशय हलकी असल्यामुळे एक लिटर पेट्रोल जळण्यास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा इंजिनाला ओढून घ्यावी लागते. इंजिन हे एका अर्थाने हवा ओढणारे आणि बाहेर टाकणारे यंत्रच होय. या हवेच्या वाटेवर एक गोल चकती बसविलेली असते. आपल्या मधल्या आसाभोवती ती फिरते. आडवी झाली की वाट उघडते, उभी झाली की मिटते. पंख मिटणाऱ्या व उघडणाऱ्या फुलपाखराशी असलेल्या साम्यामुळे तिला फुलपाखरी झडप म्हणतात. हिचेच इंग्रजीतून आलेले नाव थ्रॉटल. झडप जितकी उघडी तितकी हवा अधिक, हवेच्या प्रमाणात पेट्रोल अधिक आणि त्या प्रमाणात इंजिनाचा जोर अधिक.

आता प्रश्न असा की, चालकाचे पाऊल आणि ही झडप यांच्यामध्ये दुवा कोणता? कित्येक दशके त्याचे उत्तर अगदी सोपे होते. मध्ये एक पोलादी तार किंवा सळ्यांची जोडणी असे. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतलेल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीत किंवा कलकत्त्याच्या पिवळ्या अँबॅसडरमध्ये पावलाने ढकललेली पट्टी अशा सरळ यांत्रिक मार्गाने कार्ब्युरेटरवरील झडप फिरवीत असे. विहिरीवरच्या रहाटाचा दोर ओढला की पोहरा वर येतो, तितकाच हा व्यवहार उघड आणि डोळ्यांना दिसणारा होता. तार तुटली तर गाडी थांबे. तार अडकली तर इंजिन ओरडत राही. परंतु दोष कोठे आहे हे बॉनेट उघडताच समजे. चतुर चालक दोरीचा तुकडा बांधून जवळचे गॅरेज गाठू शकत असे.

या साध्या दुव्याला एक मर्यादा होती. पाऊल जेवढे हलेल तेवढी झडप हलणारच. त्यात विवेकाला जागा नव्हती. चालकाने एकाएकी पाय दाबला की हवेचा लोंढा आत शिरे, पण पेट्रोलचे प्रमाण त्याच क्षणी जुळत नसे. क्षणभर मिश्रण बिघडे, इंजिन अडखळे आणि धुरातून न जळलेले किंवा अर्धवट जळलेले इंधन बाहेर पडे. शहरांची हवा स्वच्छ राखण्यासाठी शासनांनी धुराचे नियम जसजसे कडक केले, तसतसे हे क्षणभराचे बिघडणेही परवडेनासे झाले. मोटारीच्या धुराड्यात विषारी वायूंचे निर्विष वायूंत रूपांतर करणारे जे उत्प्रेरक पात्र बसवितात, ते हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके असेल तरच आपले काम नीट करते. तेव्हा पेट्रोलप्रमाणे हवेचे मापही गणकयंत्राच्या हाती असावे, हा विचार अपरिहार्य होता. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांचे पालन करताना हीच व्यवस्था इंजिनाच्या रचनाकारांच्या कामी येते.

पावलाची आज्ञा तारेऐवजी विजेने पोहोचविण्याची ही कल्पना मोटारीच्या आधी विमानात आली. १९७२ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने एफ-८ जातीच्या एका लढाऊ विमानावर प्रयोग केला. वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पंखांवरील पाती यांच्यामधील यांत्रिक जोडणी काढून तेथे गणकयंत्र व विजेच्या तारा बसविण्यात आल्या. ते गणकयंत्र चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानांसाठी बनविलेल्या जातीचे होते. पुढे १९८८ पासून प्रवासी वाहतुकीत आलेल्या एअरबस ए-३२० विमानात हीच पद्धत वापरली गेली आणि ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले भारतीय बनावटीचे हलके लढाऊ विमान, जे पुढे 'तेजस' म्हणून ओळखले गेले, तेही याच पद्धतीने चालते. मोटारींच्या जगात १९८७ साली बाजारात आलेली बी.एम.डब्ल्यू. कंपनीची बारा सिलिंडरांची ७५० ही गाडी या बाबतीत आरंभीच्या गाड्यांपैकी होय. त्यानंतरच्या दोन दशकांत महागड्या गाड्यांचे हे वैशिष्ट्य सामान्य गाड्यांत उतरले. एवढेच नव्हे, तर पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या के.टी.एम. ३९० ड्यूक या मोटारसायकलीच्या मुठीलाही २०१७ पासून झडपेपर्यंत जाणारी तार उरली नाही.

या नव्या व्यवस्थेत पट्टीच्या बिजागरीपाशी एक संवेदक असतो. पट्टी किती दबली आहे हे विजेच्या भाषेत सांगणे एवढेच त्याचे काम. तो ते कसे सांगतो हे समजण्यास रेडिओ ऐकणाऱ्यांना फारसे सायास पडू नयेत. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्यासाठी जे गोल बटण असे, त्याच्या आत कार्बनच्या लेपाची एक वर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा एक धातूचा स्पर्शक असे. बटण फिरविले की स्पर्शक सरके आणि त्याच्या जागेनुसार बाहेर पडणारा विजेचा दाब बदले. ॲक्सिलरेटरच्या आरंभीच्या संवेदकांत नेमकी हीच युक्ती होती. एका टोकाला पाच व्होल्टचा दाब द्यावयाचा, दुसरे टोक शून्यावर ठेवावयाचे आणि पट्टीबरोबर सरकणाऱ्या स्पर्शकावर मधला दाब मोजावयाचा. पट्टी थोडी दबली की दाब थोडा, पुष्कळ दबली की पुष्कळ.

परंतु ज्याने जुना रेडिओ वापरला आहे त्याला त्या बटणाचा दोषही ठाऊक असतो. वर्षानुवर्षे घासून लेप झिजला की बटण फिरविताना खरखर ऐकू येते. रेडिओत खरखर झाली तर गाण्याचा रसभंग होतो. ॲक्सिलरेटरमध्ये झाली तर गाडी आचके देते. म्हणून पुढे घर्षणरहित संवेदक आले. त्यांचे मूळ १८७९ सालच्या एका शोधात आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या तरुण संशोधकाला असे आढळले की, वीज वाहत असलेल्या सोन्याच्या पातळ वर्खावर चुंबकीय क्षेत्र आडवे धरले, तर वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित विजेचा दाब निर्माण होतो. चुंबकीय क्षेत्र बदलले की हा दाबही बदलतो. आज पट्टीच्या आसावर एक लहानसे चुंबक बसवितात आणि त्याच्यासमोर, त्याला स्पर्श न करता, एक अर्धवाहक चकती ठेवतात. पट्टी दबली की चुंबक फिरते आणि चकतीतून येणारा दाब बदलतो. काही घासत नाही, म्हणून काही झिजतही नाही.

येथवर सारे सरळ वाटते. पण जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तेथे एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देणे धोक्याचे. संवेदक बिघडला आणि पाय उचललेला असतानाही 'पट्टी पूर्ण दबली आहे' असे सांगू लागला, तर काय व्हावे? म्हणून प्रत्येक ॲक्सिलरेटरमध्ये एक नव्हे, दोन संवेदक बसविलेले असतात. त्यांचा वीजपुरवठाही सहसा वेगळा आणि परतीची तारही वेगळी असते. दोघे एकाच पट्टीची स्थिती सांगतात. गणकयंत्र दोघांच्या जबान्या क्षणोक्षणी ताडून पाहते.

या व्यवस्थेतील खरी हुशारी मात्र पुढेच आहे. हे दोन संवेदक एकच गोष्ट सांगत असले, तरी ते मुद्दाम वेगवेगळ्या आकड्यांत सांगतात. उदाहरणादाखल असे समजावे की, पाय उचललेला असताना पहिला ०.८ व्होल्ट आणि दुसरा ०.४ व्होल्ट दाखवितो; पट्टी पूर्ण दबल्यावर पहिला ४ व्होल्ट आणि दुसरा २ व्होल्ट दाखवितो. म्हणजे दुसऱ्याचा आकडा नेहमी पहिल्याच्या निम्मा. काही कंपन्या दोहोंत ठरावीक अंतर ठेवतात, तर काही एकाचा आकडा चढता व दुसऱ्याचा उतरता ठेवतात. असे का करावे? दोघांनी एकच आकडा सांगितला असता तर तुलना अधिक सोपी झाली नसती काय? सोपी झाली असती; पण फसवीही झाली असती. पाणी शिरून किंवा वेष्टन घासून दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, तर दोघींवर एकच दाब येणार. दोन्ही संवेदकांनी मुळातच एक आकडा सांगावयाचा असता, तर या चिकटण्याचा गणकयंत्राला पत्ताही लागला नसता आणि दोन साक्षीदारांच्या जागी नकळत एकच उरला असता. निम्म्याचा नियम असला की तारा चिकटताच दोन आकडे सारखे होतात, नियम मोडतो आणि दोष त्याच क्षणी उघडकीस येतो. न्यायालयात दोन साक्षीदारांनी शब्दशः एकच जबानी दिली तर चतुर वकिलाला संशय येतो, तशातलाच हा प्रकार.

शून्य आणि पाच या दोन टोकांचा वापर का टाळला आहे, हेही यावरून ध्यानात येईल. तार तुटली की दाब शून्यावर येऊ शकतो आणि तार पुरवठ्याच्या तारेला चिकटली की तो पाचावर जातो. हे दोन आकडे बिघाडासाठी राखून ठेवलेले असतात. खऱ्या पावलाचा आकडा त्यांच्या मध्येच असावयाचा.

दोन जबान्या जुळल्या की गणकयंत्र पुढचा विचार करते. चालकाला किती जोर हवा आहे, एवढेच त्याने पट्टीवरून जाणलेले असते. तो जोर निर्माण करण्यास आताच्या वेगात, आताच्या गियरमध्ये, आताच्या हवामानात किती हवा लागेल याचा हिशेब ते करते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला शंभर ज्वलने होत असतात. त्या धांदलीत हा हिशेब पुनःपुन्हा मांडला जातो. वातानुकूलन यंत्र सुरू झाले तर इंजिनावर भार येतो, म्हणून झडप किंचित अधिक उघडावी लागते. ओल्या रस्त्यावर चाके जागच्या जागी फिरू लागली तर, चालकाचा पाय दाबलेलाच असला तरी, झडप थोडी मिटवावी लागते. घाटात किंवा द्रुतगती मार्गावर वेग स्थिर ठेवण्याची सोय असेल तर पट्टीला पाय न लावताही झडप हलवावी लागते. तारेच्या काळी यांतील प्रत्येक कामासाठी निराळे उपकरण जोडावे लागे. आता एकच झडप ही सर्व कामे करते.

ही झडप फिरविण्यासाठी तिच्या कडेला एक लहान विद्युत् मोटर असते. दोन-तीन दातेरी चाकांमधून ती झडपेचा आस फिरवते. मोटरला मिळणारी वीज सलग नसते. ती अतिशय जलद तुटक ठोक्यांनी दिली जाते आणि ठोके लांबविले की जोर वाढतो. झडपेवर पुन्हा आपले दोन संवेदक असतात. आज्ञेप्रमाणे झडप खरोखर तेवढी उघडली की नाही, याची ते परत वर्दी देतात. मोटरच्या विरुद्ध दिशेने स्प्रिंगा झडपेला सतत ओढीत असतात. मोटरची वीज गेली तर या स्प्रिंगा झडप जवळजवळ मिटवितात, पण पूर्ण मिटवीत नाहीत. काही अंश फट शिल्लक राहते. त्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन मंद चालत राहते आणि गाडी रखडत का होईना, रस्त्याच्या कडेला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत जाऊ शकते. वीज गेल्यावर यंत्राने स्वतःहून सुरक्षित बाजूला कलावे, हे तत्त्व येथे पोलादी स्प्रिंगेच्या रूपाने उभे आहे.

आता शेवटची शंका उरते. संवेदक दोन ठेवले, पण त्यांचा निवाडा करणारे गणकयंत्रच भ्रमिष्ट झाले तर? यासाठी गणकयंत्रावर आणखी एक पहारेकरी नेमलेला असतो. तो मुख्य गणकयंत्राला ठरावीक काळाने प्रश्न घालतो आणि ठरलेल्या वेळात ठरलेले उत्तर आले नाही तर झडपेच्या मोटरची वीज तोडतो. प्रश्नोत्तरांची ही परीक्षा गाडी चालू असेपर्यंत अखंड चाललेली असते. तिची जाणीव चालकाला कधीच होत नाही.

इतकी तटबंदी असूनही या व्यवस्थेला एकदा लोकांच्या न्यायासनासमोर उभे राहावे लागले. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो शहराजवळ टोयोटा कंपनीची लेक्सस ही गाडी अतिवेगाने धावत सुटली. तिच्यातून प्रवास करणाऱ्या एकाने दूरध्वनीवरून मदत मागितली होती; परंतु गाडी आवरली नाही आणि चौघेजण मृत्यू पावले. चालक स्वतः महामार्ग पोलीस दलातील अधिकारी होता. तेव्हा चालविण्याचे अज्ञान हे कारण सांगून कोणालाही सुटता येत नव्हते. देशभरातून तक्रारींचा ओघ सुरू झाला. पायाखालची तार काढून तेथे गणकयंत्र बसविले, ते माणसाचे ऐकेनासे झाले आहे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

सॅन डिएगोच्या अपघाताच्या तपासात जे आढळले ते अगदी साधे होते. गाडीत दुसऱ्या जातीच्या गाडीची रबरी चटई टाकलेली होती आणि तिने पट्टी अडकवून धरली होती. पुढे २०१० च्या जानेवारीत कंपनीने सुमारे तेवीस लाख गाड्या आणखी एका दोषासाठी परत बोलावल्या. या दोषाची कथा उद्बोधक आहे. तार गेल्यामुळे पट्टी पायाला फारच हलकी लागू लागली होती. जुन्या तारेचे ओढणे चालकाच्या पायाला सवयीचे होते. म्हणून पट्टीला थोडे जड करण्यासाठी रचनाकारांनी तिच्यात मुद्दाम घर्षणाचा एक भाग घातला होता. काही गाड्यांत हाच भाग झीज व ओलावा यांमुळे चिकटू लागला आणि पट्टी सावकाश वर येऊ लागली. म्हणजे चटई काय किंवा चिकटणारा भाग काय, दोन्ही दोष यांत्रिकच होते. संवेदक अशा वेळी खरे तेच सांगत होते: पट्टी दबलेली आहे. ती पायाने दाबली की चटईने, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

तरीही विजेच्या भागावरील संशय फिटला नाही. तेव्हा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 'नासा'च्या अभियंत्यांना पाचारण केले. त्यांनी गणकयंत्राच्या आज्ञावलीच्या दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक ओळी तपासल्या, विद्युत्-मंडले तपासली आणि ८ फेब्रुवारी २०११ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. इंजिन आपोआप धोकादायक वेग घेईल असा विजेचा दोष आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र त्याच तपासात एक विलक्षण गोष्ट हाती लागली. कॅम्री गाडीच्या जुन्या, घासणाऱ्या संवेदकांच्या एका पट्टीत कथिलाचा केसाहूनही बारीक तंतू आपोआप वाढलेला होता आणि त्याने दोन संवेदकांच्या वाटा एकमेकींना जोडल्या होत्या. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर असे तंतू कालांतराने उगवतात, हे धातुशास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. दोन साक्षीदारांनी संगनमत करू नये म्हणून केलेल्या साऱ्या तजविजीला निसर्गाने दिलेले हे आव्हानच होते.

न्यायालयांचा निर्णय सर्वत्र एकसारखा लागला नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात, आज्ञावली तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्यावर, ज्यूरीने कंपनीला अपघाताबद्दल जबाबदार धरले. २०१४ च्या मार्चमध्ये चटई आणि चिकटणारी पट्टी या दोषांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. यंत्राच्या दोषापेक्षा तो झाकण्याचा दोष किती महाग पडतो, याचे हे उदाहरण म्हणावयास हरकत नाही. दरम्यान २०११ साली मोटारींतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक व्यवस्थांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले होते. आणखी एक सुधारणा या काळात सर्वत्र पसरली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकाच वेळी दबलेले दिसले, तर गणकयंत्राने ब्रेकचे ऐकावे आणि झडप मिटवावी. तारेच्या काळी हे शक्यच नव्हते. ज्या गणकयंत्रावर आरोप आला होता, त्याच्याच साहाय्याने हा उपाय साधला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या साऱ्या इतिहासातून सामान्य चालकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट चटईची. चालकाच्या पायाखाली त्याच गाडीसाठी बनविलेली, खुंटीला अडकविलेली एकच चटई असावी. तिच्यावर दुसरी टाकू नये. पाण्याची बाटली तेथे घरंगळू देऊ नये. दुसरी गोष्ट, गाडी कधी अनावर झालीच तर ब्रेक एकदाच आणि पूर्ण ताकदीने दाबून धरावा. वारंवार दाबून सोडू नये. ब्रेकला साहाय्य करणारी जी निर्वात शक्ती असते, ती पेट्रोल इंजिनात झडप मिटलेली असतानाच भरपूर तयार होते. झडप सताड उघडी असताना पुरवठा थांबतो आणि ब्रेकची दर उचल शिल्लक साठ्यातून खर्च करते. त्याच वेळी गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. इंजिन ओरडेल, पण चाकांपर्यंत जोर पोहोचणार नाही. चालत्या गाडीत चावी काढून घेऊ नये. सुकाणू जखडण्याचा धोका असतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत इंजिन बंद करण्याची रीत वेगळी असते. सॅन डिएगोच्या गाडीत बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागत होते. आपल्या गाडीची रीत कोणती, हे संकटाच्या आधीच पुस्तिकेत पाहून ठेवावे.

तिसरी गोष्ट दिव्याची. गाडी एकाएकी निस्तेज व्हावी, पट्टी कितीही दाबली तरी ती रखडत चालावी आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागावा, असा अनुभव अनेकांना येतो. चालक वैतागतो, गाडीने दगा दिला असे म्हणतो. वस्तुतः बहुधा दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळलेल्या नसतात आणि खरे कोण बोलते हे ठरेपर्यंत गणकयंत्राने कमीत कमी धोक्याचा मार्ग पत्करलेला असतो. अशा वेळी बॅटरीची तार काढून दिवा घालविणे म्हणजे पहारेकऱ्याने हाक मारली म्हणून त्यालाच कोंडून ठेवणे होय. तक्रार नोंदलेली असते; ती वाचून, जोडण्या व संवेदक तपासून घेणे हाच खरा मार्ग.

पट्टीचा प्रतिसाद तत्पर करण्याचे आश्वासन देणाऱ्या लहान पेट्या बाजारात मिळतात. पट्टी आणि गणकयंत्र यांच्यामध्ये बसून त्या संवेदकांचे आकडे वाढवून सांगतात. इंजिनाची शक्ती त्यामुळे तसूभरही वाढत नाही. अर्धी दबलेली पट्टी पाऊण दबल्याचे भासविले जाते, एवढेच. साक्षीदार आणि न्यायाधीश यांच्यामध्ये असा दुभाषी बसविताना पूर्वी पाहिलेल्या सर्व तजविजींचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल.

डिझेलच्या गाडीत हीच पट्टी हवेऐवजी इंधनाचे माप ठरविते आणि विजेवर चालणाऱ्या गाडीत तर झडप अशी नसतेच. तेथे पट्टीचे दोन संवेदक चाके फिरविणाऱ्या मोटरला किती जोर द्यावयाचा हे सांगतात. पेट्रोलचे इंजिन उद्या इतिहासजमा झाले, तरी पावलाखालचे हे दोन साक्षीदार राहणारच आहेत. पूर्वी पाऊल झडपेला प्रत्यक्ष ओढीत होते. आता ते केवळ विनंती करते आणि ती विनंती मान्य करण्याचा अधिकार यंत्राला दिलेला आहे. असा अधिकार देताना रचनाकारांनी कोणा एकावर विसंबून न राहण्याची दक्षता घेतली: संवेदकावर दुसरा संवेदक, गणकयंत्रावर पहारेकरी आणि या सर्वांच्या मागे कोणाचेही न ऐकता झडप मिटविणारी एक साधी पोलादी स्प्रिंग. मात्र पायाखालची चटई जागेवर आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यांनी कोणत्याही संवेदकावर सोपविलेले नाही. ते अजूनही चालकाकडेच आहे.